माकडताप : वनांची स्थिती, रोगाचा प्रसार आणि नावाचा अर्थ

रोगाला लोक जे नाव देतात त्यात रोगाच्या कारणाविषयीची एखादी समजूत गोवलेली असते. 'हिवताप' हे नाव लक्षणावरून पडले. त्यात कारणाविषयी काहीच दावा नाही. 'मलेरिया' या मूळ इटालियन शब्दाचा अर्थ 'वाईट हवा' असा आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या शरीरात या रोगाचे परोपजीवी दाखवून दिल्यावर ती समजूत खोटी ठरली, नाव मात्र टिकले. 'माकडताप' या नावाचा विचार याच दृष्टीने करणे आवश्यक आहे. कारण येथे नावाच्या अर्थावर लोकांचे आचरण अवलंबून आहे.

१९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि भोवतालच्या गावांत तीव्र ज्वराची साथ आली. पुणे येथे १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने माकडे व रुग्ण या दोहोंतून एक नवा विषाणू वेगळा केला. हिमाफायसालिस स्पिनिजेरा नावाची गोचीड ही त्याची प्रमुख वाहक होय. पावसाळ्यात प्रौढ गोचीड गुरांसारख्या मोठ्या जनावरांचे रक्त शोषतात व नंतर जमिनीवर अंडी घालतात. पावसानंतर निघालेल्या अळ्या उंदीर, चिचुंदऱ्या व माकडे यांच्या अंगावर वाढतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आढळणारी अर्धवाढ अवस्था माणसास चावते, आणि साथीचा काळही तोच असतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील विषाणूयुक्त गोचीड खाली उतरतात, म्हणून त्या जागेभोवतीचा पालापाचोळा धोक्याचा बनतो. माणसापासून माणसास हा रोग होत नाही.

या चक्रात वनाच्या स्थितीचे स्थान कोणते, याचे विवेचन होर्हे बोशेल यांनी १९६९ साली केले. सलग जंगल तोडून मधे शेते व वस्त्या झाल्या की वनाच्या कडा वाढतात. कडेला घाणेरीसारखी झुडपे माजतात, तेथे लहान सस्तन प्राणी आसरा घेतात आणि गुरे चरावयास येतात. गुरांच्या रक्तात हा विषाणू टिकून राहत नाही; परंतु त्यांच्या रक्तावर पोसलेल्या गोचिडांची संख्या वाढते व त्यांचा पसाराही वाढतो. सारांश, विषाणू मुळात जंगलातला असला तरी साथीस अनुकूल भूमी मनुष्याच्या वापराने तयार होते. पुढे हा रोग सह्याद्रीच्या अन्य भागांतही दिसून आला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तेथे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांचा जंगलाशी येणारा संबंध महत्त्वाचा ठरला. गोचिडांच्या प्रत्येक अवस्थेचा काळ पावसाशी निगडित असल्यामुळे पर्जन्यमान बदलले तर साथीचा काळही सरकू शकेल.

आता नावाकडे वळू. 'माकडताप' या तत्पुरुष समासाचा विग्रह दोन प्रकारे करता येतो : 'माकडामुळे येणारा ताप' किंवा 'माकडांना येणारा ताप'. ऐकणारा बहुधा पहिला विग्रह गृहीत धरतो आणि माकडाला अपराधी मानतो. वस्तुतः माकड हा या रोगाचा पहिला बळी आहे, आणि त्याचा मृत्यू ही गावाला मिळालेली पूर्वसूचना होय. कन्नडमधील 'मंगन कायिले' या नावातही हीच संदिग्धता आहे. अशा नावांचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०२२ साली 'मंकीपॉक्स'च्या भीतीने ब्राझीलमध्ये माकडांवर हल्ले झाले. प्राण्यांची व स्थळांची नावे नव्या रोगांस देऊ नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच केली होती. 'गोचीड' या शब्दाचीही एक अडचण आहे. तो गुरांच्या अंगावरील ठसठशीत किड्यासाठी रूढ असल्याने, पाचोळ्यातील तिळाएवढी अर्धवाढ अवस्था त्या शब्दाने श्रोत्याच्या मनात उभी राहत नाही.

उल्हास नदीच्या खोऱ्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. मलंगगड व माथेरान यांच्या डोंगररांगांखाली अंबरनाथ व बदलापूर ही शहरे वनाच्या कडेपर्यंत वाढली आहेत. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरानंतर जो रोग संभवतो तो लेप्टोस्पायरोसिस. उंदीर व अन्य जनावरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून त्वचेवरील जखमेवाटे शरीरात शिरतात. लोकभाषेत त्याचे 'लेप्टो' झाले. मूळ ग्रीक अर्थ 'बारीक' असा असून त्यातून मराठी माणसास काहीच बोध होत नाही. मल्याळममधील 'एलिप्पनी', म्हणजे 'उंदीरताप', हे नाव निदान रोगाच्या एका उगमाकडे बोट दाखवते. 'माकडताप' दिशाभूल करतो, तर 'लेप्टो' मौन पाळतो.

या पट्ट्यात उल्हासनगरची सिंधी, शहरांतील प्रमाण मराठी, आगरी बोली आणि डोंगराकडील ठाकूर व कातकरी यांच्या बोली एकत्र नांदतात. वनाच्या कडेला ज्याचे पाय पाचोळ्यात वा चिखलात असतात, त्याच्यापर्यंत प्रमाण भाषेतील सूचना क्षीण होऊनच पोचते. 'गोचीडताप' हे नाव शास्त्रदृष्ट्या अतिव्याप्त आहे. कारण गोचिडांपासून इतरही ताप येतात. तथापि ते ऐकणारा माकडावर दगड उचलणार नाही, आपले पाय झाकील. रोगनामाची कसोटी परिभाषेच्या काटेकोरपणाबरोबर अशा आचरणावरही लावली पाहिजे. त्यासाठी वनशास्त्र, वैद्यक आणि बोलीविज्ञान या तिन्ही शाखांतील अभ्यासकांनी एकत्र काम करणे अगत्याचे आहे.