घाम विकायचा आहे!

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबातले कढत पाणी अंगावर घेण्याचे सुख ज्याने अनुभवले आहे, त्याला फिनलंडमधील सौनाची महती निराळी सांगायला नको. फरक इतकाच, की आपण पाणी तापवतो आणि ते लोक अख्खी खोलीच तापवतात! फळ्यांची लहानशी खोली, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर दगडांची रास. खोलीतली उष्णता ८० ते १०० अंशांपर्यंत नेतात. बाकावर बसून तापल्या दगडांवर पळीने पाणी घालायचे. चर्रकन उठणाऱ्या त्या वाफेला ते 'लोयलू' म्हणतात. घामाच्या धारा लागल्या, की बाहेर पडून तळ्यात बुडी मारायची, नाहीतर बर्फात लोळायचे! सुमारे ५५ लाख वस्तीच्या त्या देशात सौना आहेत तीस लाखांच्या आसपास. पूर्वी बाळंतपणेसुद्धा तेथेच होत. २०२० साली युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या खोलीशी माझा संबंध आला तो माझ्या व्यवसायामुळे. मी संकेतस्थळे तयार करते. म्हणजे पुण्यात बसून परगावच्या दुकानांच्या पाट्या रंगवते म्हणा ना! गेल्या वर्षी उत्तर इंग्लंडमधील एका बापलेकीचे काम आले. दोघे मिळून लोकांच्या घरी सौना बसवून देतात. सासूबाईंना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अगं, घाम गाळायला पैसे कसले मोजतात? मे महिन्यात नागपूरला पाठव त्यांना!"

त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांत मेणबत्त्या होत्या, टॉवेल होते, एक सडपातळ बाई होती. घामाचा मात्र थेंबही नव्हता. मजकुराचे पहिलेच वाक्य होते: 'घरी सौना बसवा, हृदयविकार टाळा.'

या वाक्यापाशी मी अडले. त्यामागे आधार मुळीच नव्हता असे नाही. फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेऊन २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून येणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. पण दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्याची प्रकृती मुळात धडधाकट, तोच वरचेवर सौनात जात असेल, हेही संभवते. शिवाय हृदयाचे दुखणे असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून तेथे पाऊल टाकू नये, आणि मद्य घेऊन तर कोणीच जाऊ नये.

मी तसे कळवले. वडिलांचे उत्तर आले, "बाकीचे सगळे असेच लिहितात. आम्ही नाही लिहिले, तर गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल." मी लिहिले, "मग हे काम दुसऱ्या कोणाला द्यावे." घराचा हप्ता तोंडावर आला होता आणि तिकडून दोन दिवस अक्षर नाही! तिसऱ्या दिवशी मुलीने लिहिले, "परवा एक आजोबा चौकशीला आले होते. हृदयाला बरे म्हणून त्यांना सौना हवा होता आणि त्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. ते वाक्य काढून टाका."

त्या वाक्याच्या जागी आम्ही चक्क हिशेब घातला. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच खोली म्हणजे सहा घनमीटर. ढोबळ मानाने घनमीटरला एक किलोवॉट धरला, तर शेगडी सहा किलोवॉटची. तेथील २३० व्होल्टच्या विजेवर ती सुमारे २६ अँपिअर ओढणार. भिंतीतला साधा प्लग झेपतो १३ अँपिअरपर्यंत! तेव्हा जाणत्या वायरमनकडून मुख्य फळीपासून स्वतंत्र जाड तार ओढून घ्यावी लागते. तो खर्च सौनाच्या किमतीखाली त्याच ठळक अक्षरांत लिहिला. दार बाहेर उघडणारे हवे आणि त्याला कडी नको, कारण आत कोणाला घेरी आली, तर दार नुसत्या धक्क्याने उघडले पाहिजे. हवा यायला एक झरोका हवा, जायला दुसरा. हे सारे चित्रे काढून दाखवले. बाईचे छायाचित्र गेले. त्यांनी खरोखर बांधलेल्या खोल्यांची आली, प्रत्येकीखाली माप, लागलेले दिवस आणि एकूण खर्च. अक्षरे पांढऱ्यावर काळी ठेवली आणि छायाचित्रे हलकी केली, म्हणजे चष्मा लावणाऱ्या आजींनाही ती मोबाइलवर झटकन दिसावीत.

यामुळे धंदा दुप्पट झाला म्हणाल, तर तसे काही नाही. चौकशा उलट थोड्या घटल्या. पण आता येणारा माणूस खोलीचे माप आणि विजेचा अंदाज घेऊनच येतो, आणि किंमत ऐकून अर्ध्यावरून परतत नाही, असे मुलगी सांगते.

दिवाळीची खरेदी आता घरबसल्या होते. गीझर घ्या, मसाज करणारी खुर्ची घ्या, नाहीतर आणखी काही. विकणाऱ्याच्या पानावर तीन गोष्टी शोधा: माप, बसवण्यासकट पूर्ण किंमत, आणि ही वस्तू कोणी घेऊ नये ते. पहिल्या दोन पुष्कळ ठिकाणी मिळतील. तिसरी जेथे मिळेल, त्या दुकानाची पायरी निर्धास्तपणे चढावी.