शृंगवेर ते जिंजर

इंग्रजीतील 'जिंजर' हा शब्द मुळात दक्षिण भारतातला आहे, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण मराठीत ओल्या कंदाला 'आले' आणि वाळवलेल्याला 'सुंठ' म्हणतात आणि ही नावे संस्कृतातील 'आर्द्रक' व 'शुण्ठी' यांपासून, म्हणजे निराळ्याच वाटेने आली आहेत. याच कंदाचे तिसरे संस्कृत नाव 'शृंगवेर' असून इंग्रजी शब्दाचा माग काढणारा अभ्यासक अखेर या नावापाशी येऊन पोहोचतो.

१०६६च्या नॉर्मन आक्रमणापूर्वीच्या इंग्रजीतही 'जिंजिफर' अशा वळणाचे रूप होते; ते लॅटिनमधील 'झिंगिबेर'च्या उत्तरकालीन रूपावरून आले होते आणि पुढे फ्रेंचमुळे ते आणखी घडले. लॅटिन शब्द ग्रीक 'झिंगिबेरिस'वरून घेतलेला असून इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी द्रव्यांत त्याची नोंद केली आहे. ग्रीकांनी मालाबरोबर उचललेले हे नाव संस्कृतपेक्षा पाली भाषेतील 'सिंगिवेर'ला अधिक जवळचे आहे.

संस्कृतात या नावाचा अर्थ शिंगासारख्या अंगाचे असा लावला गेला आणि कंदाला फुटलेले फाटे पाहता तो पटण्याजोगाही वाटतो. परंतु ही लोकव्युत्पत्ती आहे, म्हणजे परक्या शब्दाच्या ध्वनीत आपल्या भाषेतला ओळखीचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न आहे. तमिळ आणि मल्याळम या भाषांत आल्याला 'इंजि' म्हणतात, 'वेर्' म्हणजे मूळ, आणि या दोहोंच्या जोडीतच शब्दाचा उगम आहे. मग पालीतला आरंभीचा 'स' कोठून आला, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर फार मोलाचे आहे: प्राचीन द्राविडीत या शब्दाच्या आरंभी 'च'सारखा ध्वनी होता, तो तमिळ-मल्याळममध्ये गळून पडला, मात्र त्याआधीच शब्द उत्तरेकडे गेला असल्याने तेथे त्याची खूण राहिली. जे मूळ घरात हरवले ते उसनवारीत टिकले. या एकाच शब्दावर अॅलन रॉस या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले, यात नवल नाही.

संस्कृतात जे घडले तेच पुढे इंग्रजीतही घडले. साखरेत मुरवलेल्या आल्याला जुन्या फ्रेंचमध्ये 'जिंजब्रास' म्हणत. त्यातील शेवटचा भाग इंग्रजी कानांना 'ब्रेड'सारखा वाटला, 'जिंजरब्रेड' असा शब्द रूढ झाला आणि हळूहळू ते नाव मुरवलेल्या आल्याऐवजी मसालेदार गोड केकला मिळाले.