मदत खरी, पण लिखापढी आधी

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला गेली आणि ऑक्सिजन भरून नागपूर-नाशिकला परतली. त्याच दिवसांत काही राज्ये टँकर अडवितात, अशा तक्रारी होत्या. अखेर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये केंद्राने २२ एप्रिलला आदेश काढून अशा अडवणुकीस मनाई केली. मोजके उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद झाला. रुग्ण आधी, हे रास्तच. पण गॅस-कटिंग करणाऱ्या आपल्या कारागिरांचे काम थांबले.

अमेरिकेत यासाठी राज्याराज्यांत कायमचा करार आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर त्याची गरज पटली. १९९६ मध्ये तेथील संसदेने त्यास मान्यता दिली. आज सर्व ५० राज्ये त्यात आहेत. मदत मागणारे राज्य खर्च देते, बाहेरून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांचे परवाने ग्राह्य धरले जातात, नुकसानीची जबाबदारीही ठरलेली असते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही सूरह बकराची ताकीद व्यापारी बांधवांना नवी नाही. राज्यांनीही संकटापूर्वीच लिखापढी केली, तर रुग्णाचा श्वास आणि कारागिराची रोजी दोन्ही हिशेबात राहतील.