शाळेने ‘रेफरल’ केलं, आता पुढे काय?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईबापांना नोकरी जाण्यापेक्षा किंवा व्हिसा अडकण्यापेक्षाही एका फोनची धास्ती जास्त असते. फोन शाळेतून येतो. मुलाने वर्गात काहीतरी सांगितलेलं असतं, किंवा पी.ई.ला कपडे बदलताना दंडावरचा वळ कुणाच्या तरी नजरेला पडलेला असतो. पलीकडची शिक्षिका शांतपणे सांगते, की आम्ही ही गोष्ट सोशल केअरला कळवतो आहोत, रेफरल करतो आहोत. त्यानंतर ती काय बोलते ते बहुतेकांच्या कानात शिरतच नाही. डोक्यात एकच घणघणत राहतं: आता मुलं नेणार. त्यातच २०२३चा ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. तो सिनेमा नॉर्वेतल्या प्रकरणावर बेतलेला आहे. इंग्लंडचा कायदा वेगळा आणि त्याच्या पायऱ्याही वेगळ्या. त्या माहीत असल्या तर भीती संपत नाही, पण आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळतं आणि घाबरून होणाऱ्या चुका टळतात.

आधी शिक्षिकेबद्दल. तिचा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण ती जे करते त्यामागे एक मोठी जखम आहे. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळाने गेली. सांभाळणाऱ्या नातेवाईक बाईने आणि तिच्या साथीदाराने तिचे हाल केले होते. तिला इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाहिलं होतं, सोशल वर्करांनी पाहिलं होतं, पोलिसांनाही तिची माहिती होती. प्रत्येकाच्या हाती एकेक धागा होता, पण ते एकत्र कुणीच केले नाहीत. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ साली आला, २००४ साली कायदा बदलला आणि तेव्हापासून शाळा, दवाखाना, पाळणाघर या सगळ्यांना शिकवलं जातं, की शंका आली तर स्वतः तपास करत बसू नका, कळवा. म्हणजे शिक्षिकेने तुम्हाला दोषी ठरवलेलं नसतं. ठरवायचा तिला अधिकारच नाही. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती असते, आणि मुलाला धोका वाढण्याची भीती नसेल तर तिने आईबापांना आधी सांगावं अशी अपेक्षा असते. फोन आला, ही त्यातल्या त्यात बरी खूण आहे.

इंग्लंडमध्ये वर्षाला सहा लाखांहून जास्त रेफरल होतात. त्यांतली गंभीर चौकशीपर्यंत जातात ती सव्वादोन लाखांच्या आसपास. बाल संरक्षण योजनेखाली वर्षभरात येणारी मुलं साठ हजारांच्या थोडी वर. म्हणजे चाळणी प्रत्येक टप्प्यावर लागते, आणि बहुतेक कुटुंबं अलीकडेच बाहेर पडतात.

रेफरल कौन्सिलकडे जातं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी ‘मॅश’ नावाचं पथक असतं, म्हणजे सोशल वर्कर, पोलीस आणि आरोग्य खात्याची माणसं एकत्र बसून माहिती पडताळतात. पुढे काय करायचं ते एका कामकाजाच्या दिवसात ठरवायचं असा नियम आहे. काही प्रकरणं इथेच बंद होतात. काही घरांना ‘अर्ली हेल्प’ म्हणजे ऐच्छिक मदत सुचवली जाते. बाकीच्यांचं पुढे सुरू होतं, आणि इथे एक प्रश्न पाठ करून ठेवा. सोशल वर्करचा पहिला फोन आला की नाव, टीमचं नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि विचारा: “तुम्ही हे कलम १७ खाली करताय की कलम ४७ खाली?”

सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर फिरतं. दोन्ही कलमं १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमधली. कलम १७ म्हणजे या मुलाला किंवा घराला मदतीची गरज आहे का, हे पाहणं. ते आईबापांच्या संमतीने चालतं आणि त्याचा आढावा जास्तीत जास्त ४५ कामकाजाच्या दिवसांत पुरा करायचा असतो. कलम ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असा संशय घ्यायला वाजवी कारण आहे, म्हणून केलेली चौकशी. ती सुरू व्हायला तुमची संमती लागत नाही. त्याआधी सोशल केअर, पोलीस आणि आरोग्य खातं यांची बैठक होते, तिला तुम्हाला बोलावत नाहीत. पण कलम ४७ असलं तरी सोशल वर्करला कोर्टाच्या हुकुमाशिवाय जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. हे सांगितलं म्हणजे दार लावून घ्या असा अर्थ मात्र काढू नका. दार उघडलं नाही की संशय वाढतो आणि प्रकरण वरच्या पायरीवर जातं. कलम १७ला नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण माझं मत विचाराल तर अगदी ठोस कारण असल्याशिवाय तो वापरू नये.

घरी येतात तेव्हा काय बघतात, याची भीती सर्वांत मोठी. रात्री दोन वाजेपर्यंत ओटा घासणाऱ्या आया असतात. घराची टापटीप हा मुद्दाच नाही. मुलाला झोपायला नीट जागा आहे का, घरात खायला आहे का, औषधं आणि सुरी हाताशी नाहीत ना, तुम्ही मुलाशी कसं बोलता, मूल तुमच्याजवळ कसं येतं, हे बघतात. मूल आईबापांच्या गादीवर झोपत असेल तर ते दडवू नका, आमच्याकडे अशीच पद्धत आहे असं सरळ सांगा. मुलाशी एकट्याने बोलायचं आहे असंही म्हणतील. हे नेहमीचं आहे. तुमच्यावर अविश्वास म्हणून ते करत नाहीत, मुलाचं म्हणणं मुलाच्या तोंडून ऐकायचं असतं म्हणून करतात. इंग्रजी कामापुरतं येत असलं तरी अशा वेळी मराठी दुभाषा मागा. तो कौन्सिलने द्यायचा. मोठ्या मुलीला किंवा शेजाऱ्याला दुभाषा करू नका. “मी रागावले” आणि “मी मारलं” यांत दुभाष्याची एक चूक किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती आपल्या मुलांमध्ये सर्रास दिसते. जन्मतः कमरेवर, कुल्ल्यांवर, कधी खांद्यावर निळसर-करडे सपाट डाग असतात. आजी बाळाला तेल लावताना ते बघते आणि काही म्हणत नाही, कारण तिने सगळ्या नातवंडांना ते पाहिलेले असतात. इंग्लंडमध्ये मात्र अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं की ती धोक्याची खूण धरतात, आणि नवख्या डोळ्याला हा डाग मुका मार वाटू शकतो. मार असेल तर त्याचा रंग दिवसागणिक बदलतो, हिरवा-पिवळा होऊन तो जातो. हा डाग महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून बाळाच्या ‘रेड बुक’मध्ये हेल्थ व्हिजिटरकडून किंवा जी.पी.कडून या डागांची जागा आणि आकार तारखेसह नोंदवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढची कितीतरी रात्रींची झोप वाचवतं.

धपाट्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. इंग्लंडच्या कायद्यात ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव आहे, पण २००४च्या कायद्याने तो फार अरुंद केला. वळ, सूज किंवा जखम राहील असं मारलं तर तो बहुतेक कामाला येत नाही. स्कॉटलंडने २०२० साली आणि वेल्सने २०२२ साली मारणं पुरतंच बंद केलं. मारलं असेल तर खोटं बोलू नका. “हात उचलला, चुकलं, आता असं करतो” हे वाक्य “मुलगा खोटं बोलतोय” या वाक्यापेक्षा तुम्हाला आणि मुलाला दोघांनाही वाचवतं. मात्र पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं, ‘स्वेच्छेने’ या म्हटलं, तरी वकिलाशिवाय बोलू नका. पोलीस चौकशीच्या वेळी वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो.

कलम ४७च्या चौकशीत गंभीर काही दिसलं तर तिच्याआधी झालेल्या त्या बैठकीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत ‘चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स’ होते. शाळा, डॉक्टर, सोशल वर्कर, पोलीस यांच्यासोबत आईबापांनाही बोलावतात. अहवाल आधी मागून वाचा, चुकीच्या गोष्टींवर खूण करून लेखी उत्तर न्या, आणि सोबत विश्वासाचं माणूस घेऊन जायचं असल्याचं आधी कळवा. मुलाला बाल संरक्षण योजनेखाली घ्यायचं का, हे तिथे ठरतं. घेतलं तरी मूल तुमच्याच घरी असतं. दहा कामकाजाच्या दिवसांत एक छोटा गट बसतो, तीन महिन्यांत फेरआढावा होतो. मुलाला घरातून कायमचं काढण्याचा निर्णय सोशल वर्कर घेऊ शकत नाही, तो कोर्टाचा. अगदी तातडीच्या धोक्यात पोलीस ७२ तासांपर्यंत मुलाला सुरक्षित जागी ठेवू शकतात, त्यापुढे न्यायाधीशाकडे जावं लागतं. तिथे आईबापांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. एक कागद मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका: कलम २० खाली मुलाला ‘स्वखुशीने’ कौन्सिलकडे देण्याचा.

घाबरलेली माणसं दोन चुका हमखास करतात. पहिली, मुलाला पढवणं. “बाईंना सांग, आई कधीच मारत नाही.” मूल हे वाक्य जसंच्या तसं सोशल वर्करला सांगतं, आणि साध्या प्रकरणाला वेगळाच रंग येतो. मुलाला एवढंच सांगा, की एक बाई येतील, त्यांच्याशी खरं बोल, तू काही वाईट केलेलं नाहीस. ‘शाळेत काय सांगितलंस?’ हे विचारूच नका. दुसरी चूक, मुलाला घाईघाईने आजीकडे पुण्या-नाशिकला पाठवणं. तुमच्या मनात प्रेम असतं. बाहेरून मात्र ते मुलाला चौकशीपासून दूर नेल्यासारखं दिसतं, आणि तातडीने कोर्टात जायला तेच कारण पुरू शकतं. तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते सोशल वर्करला आपणहून सांगा.

आणि त्या आठवड्यांतल्या रात्री. नवरा-बायको एकमेकांना दोष देतात, गाडीचा आवाज आला की पोटात गोळा येतो, मुलाला जवळ घेतानाही हात आखडतो. एक वही करा. तारीख, कोण बोललं, काय ठरलं, पुढची भेट कधी. रात्री दोनला डोक्यात फिरणारं सगळं त्यात उतरवलं की निदान एकच गोष्ट शंभरदा फिरत नाही. मुलाचं वेळापत्रक मोडू नका, शनिवारची मराठी शाळा आणि पोहणं चालू ठेवा. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल तर जी.पी.कडे जा. “औषध घेतलं तर वेडी ठरवून मुलं नेतील” ही भीती मनातून काढा. मदत मागणारी आई अशा फाइलमध्ये जमेच्या बाजूला लिहिली जाते. सल्ल्यासाठी ‘फॅमिली राइट्स ग्रुप’ ही संस्था आईबापांना फुकट मार्गदर्शन करते, आणि तिचं काम नेमकं हेच आहे. प्रकरण बंद झालं की तसं पत्र मागून घ्या. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते मागण्याचा हक्क आहे, एका महिन्यात उत्तर यायला हवं. चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्तीची लेखी मागणी करा.

शेवटी मंडळांतल्या, सोसायट्यांतल्या आपल्या लोकांना विनंती. अशा घराची कुणकुण लागली की आपण हळूच बोलणं कमी करतो, त्यांची मुलं वाढदिवसाच्या यादीतून गळतात. तसं करू नका. चौकशी चालू असताना त्या मुलांना खेळायला बोलवा, आईला शाळेच्या दारात भेटा, कॉन्फरन्सला सोबत हवी असेल तर जा. घराला आधार देणारी माणसं आजूबाजूला आहेत का, हेही सोशल वर्कर विचारतात, आणि त्याचं उत्तर आपल्या हातात आहे.