विहिरीवरची मोटर आणि विजेचा दाब

एप्रिल महिन्यात निफाड किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षमळ्यात गेलात, तर खरड छाटणी झालेल्या वेली नव्या फुटव्याची वाट पाहत असलेल्या दिसतील. या दिवसांत वेलींना पाणी वेळेवर मिळावेच लागते. अशा ऐन वेळी विहिरीवरची मोटर जळाली, की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. मोटर का जळाली असे विचारले तर तो म्हणतो, "दाब मिळत नाही हो, म्हणून जळाली."

हे उत्तर ऐकून तुम्ही थोडे गोंधळाल. दाब कमी झाला की घरातला दिवा मिणमिणतो. तो काही जळत नाही. मग दाब कमी पडल्याने मोटर कशी जळावी?

दिव्याच्या तारेचा रोध ठरावीक असतो. दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो. मोटरचे तसे नाही. तिच्यावर पंपाचा भार असतो. विहिरीतले पाणी ठरावीक उंचीवर चढवायचे, म्हणजे ठरावीक शक्ती लागणारच. शेतीपंपाची प्रवर्तन मोटर दाब थोडा उतरला तरी आपली गती फारशी सोडत नाही. मग दाबातली तूट ती प्रवाह वाढवून भरून काढते.

आता आकडे घेऊ. 5 अश्वशक्तीची तीन फेजची मोटर विजेच्या तारांतून सुमारे 4400 वॉट घेते असे धरा. शक्तिगुणक 0.8 धरला, तर 415 व्होल्ट दाबावर प्रवाह येतो सुमारे 7.6 अँपिअर. दाब 300 व्होल्टपर्यंत उतरला, तर तेवढ्याच शक्तीसाठी 10.6 अँपिअर लागतात. गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ दुप्पट होते! शिवाय मोटरचा फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो; 300 व्होल्टवर तो निम्माच उरतो. मोटर सुरूच झाली नाही आणि नुसती गुणगुणत राहिली, तर प्रवाह नेहमीच्या कित्येक पट वाढतो. तारेवरचे रोगण करपते, वेढे एकमेकांना चिकटतात आणि मोटर जळते.

मग दाब वाढवला तर? येथे एक मौजेची गोष्ट आहे. मोटर तीच ठेवून ती दुप्पट दाबावर चालवता येते. फक्त जोडणी बदलावी लागते. अमेरिकेत घरांना 120 आणि 240 असे दोन्ही व्होल्ट मिळतात. म्हणून तिकडच्या अनेक लहान पंपांवर "115/230" असे लिहिलेले असते. अशा मोटरच्या मुख्य गुंडाळीचे दोन सारखे भाग असतात. ते समांतर जोडले, की प्रत्येकाला 115 व्होल्ट मिळतात. एकसरीत जोडून 230 व्होल्ट दिले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला 115 व्होल्टच येतात. गुंडाळीला काही फरक कळतच नाही! फरक पडतो तो बाहेरच्या तारेला. आधी 10 अँपिअर जात असतील, तर आता 5 पुरतात.

समजा, पंप 100 मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची मिळून 200 मीटर तांब्याची तार झाली. 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या अशा तारेचा रोध सुमारे 1.5 ओहम भरतो. 10 अँपिअरला तारेतच 15 व्होल्ट खर्च होतात आणि 150 वॉट उष्णतेत जातात. 5 अँपिअरला 7.5 व्होल्ट आणि 37.5 वॉट. दाब दुप्पट, तर नासाडी चौथाई!

जोडणी बदलण्याची सोय नसेल, तर रिवाइंडिंग करणारा कारागीर काय करील? दुप्पट दाबासाठी तो वेढे दुप्पट घेईल आणि तारेचा छेद निम्मा ठेवील. खाचेत तांबे तेवढेच बसते. तारेची लांबी दुप्पट आणि छेद निम्मा, म्हणून रोध चौपट होतो. प्रवाह निम्मा, म्हणून त्याचा वर्ग चौथाई. गुणाकार केला तर मोटरमधली उष्णता पूर्वीइतकीच! तेव्हा "जास्त दाबावर मोटर वीज कमी खाते" हा समज खरा नाही. बचत होते ती वाटेवरच्या तारेत.

आपल्याकडच्या तीन फेजच्या मोटरचे झाकण उघडले, तर आत बहुधा सहा टोके दिसतात. तीन गुंडाळ्यांची ही सहा टोके. ती त्रिकोणात जोडली, तर प्रत्येक गुंडाळीवर पूर्ण 415 व्होल्ट पडतात. तारा-जोडणी केली, तर 415 भागिले 1.73, म्हणजे 240 व्होल्ट पडतात. जी मोटर 415 व्होल्टला त्रिकोणात चालण्यासाठी बनवली आहे, ती तारा-जोडणीत चालवली तर जोर एक तृतीयांश होतो. स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीचे काही क्षण मुद्दाम हेच करतो, म्हणजे प्रवाहाचा झटका कमी बसतो. उलट, जिच्या गुंडाळ्या 240 व्होल्टसाठी आहेत ती 415 व्होल्टला त्रिकोणात जोडली, तर थोड्याच वेळात जळेल. म्हणून मोटरवरची पट्टी वाचल्याशिवाय एक टोकही हलवायचे नसते.

पण निफाडच्या शेतकऱ्याची अडचण मोटरच्या पेटीत नाही. ती डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेत आहे. वीज आली, की आसपासच्या सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात. समजा, एका डीपीवर 5 अश्वशक्तीच्या 10 मोटारी आहेत. एकूण प्रवाह झाला सुमारे 75 अँपिअर. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळ्या मोटारी ओळीच्या टोकाला आहेत आणि प्रत्येक तारेचा रोध अर्धा ओहम आहे असे धरा. तर तिन्ही तारांत मिळून सुमारे 8400 वॉट वाया जातात. म्हणजे जवळजवळ दोन मोटारी चालतील एवढी वीज फक्त तारा तापवते! टोकाच्या विहिरीवर 415 ऐवजी 350 व्होल्टच पोचतात.

आता हीच शक्ती 11,000 व्होल्टवर न्या. प्रवाह 75 वरून 2.8 अँपिअरवर येतो आणि नासाडी 8400 वॉटवरून 12 वॉटवर! महाराष्ट्रात 2018 साली शेतीपंपांसाठी सुरू झालेल्या उच्चदाब वितरण प्रणालीचे तत्त्व हेच आहे. 11,000 व्होल्टची तार थेट मळ्यापर्यंत न्यायची आणि एका-दोन शेतकऱ्यांसाठी लहानसे रोहित्र बसवायचे. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रातून वीज दूरवर पाठवण्यापूर्वी तिचा दाब वाढवतात, तोही याच कारणासाठी.

हे तुम्हाला शाळेत पडताळून पाहता येईल. प्रयोगशाळेतला बॅटरी एलिमिनेटर, 6 व्होल्टचे दोन सारखे लहान दिवे आणि दोन ओहमचा एक रोध घ्या. हा रोध म्हणजे आपली लांब तार. दोन्ही दिवे समांतर जोडून, मध्ये रोध घालून 6 व्होल्ट द्या. मग दिवे एकसरीत जोडा, रोध तसाच ठेवा आणि 12 व्होल्ट द्या. दुसऱ्या वेळी दिवे अधिक उजळ दिसतील. रोधाच्या दोन टोकांमधला दाब दोन्ही वेळा मोजून वहीत लिहा.

मात्र हा प्रयोग 12 व्होल्टवरच थांबवा. विहिरीवरच्या पेटीला हात लावू नका. ओली जमीन, उघडी टोके आणि 415 व्होल्ट यांची गाठ प्राणघातक ठरू शकते. मुख्य स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो. ते काम परवानाधारक तारतंत्र्याचे. तुम्ही एवढे करा: मळ्यावर गेलात तर मोटरवरची पट्टी वाचा आणि त्या तारतंत्र्याला विचारा, "मोटर चालू असताना येथे व्होल्ट किती मिळतात?" मोटर पुन्हा भरून आणण्याआधी हा प्रश्न विचारला गेला, तर पुढच्या एप्रिलमध्ये ती कदाचित जळणार नाही.