बंदुकीच्या सुट्या भागांची आयात आणि भारतीय कायदा

बंदुकीच्या सुट्या भागांची आयात भारतात प्रामुख्याने शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी नियंत्रित होते. त्यांच्या जोडीला विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ आणि सीमाशुल्क अधिनियम, १९६२ लागू होतात. रायफलीचे केवळ रूप पालटावे म्हणून परदेशातून मागवलेला दस्ता, मूठ किंवा नळीच्या तोंडावर बसवायचा भागही या कायद्यांच्या कक्षेत येतो. ‘शोभेचा भाग’ असा वेगळा वर्ग शस्त्र अधिनियमात नाही. बाळगणाऱ्याचा हेतू पाहून सुट्या भागांना सवलत देणारे एक कलम त्यात आहे. परंतु ज्याच्याकडे बंदूक आहे त्यालाच त्याचा लाभ मिळणे अवघड आहे.

‘शस्त्र’ या संज्ञेत सुटे भाग

१८७८च्या भारतीय शस्त्र अधिनियमातच ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे तयार करण्याची यंत्रे यांचा समावेश होता. स्वातंत्र्यानंतर त्या अधिनियमाची जागा १९५९च्या अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी अंमलात आला. बोलण्यात ‘हत्यार कायदा’ किंवा ‘आर्म ॲक्ट’ म्हणतात तो हाच. जुन्या कायद्यातील सुट्या भागांची तरतूद नव्या कायद्यातही राहिली. कलम २ मधील ‘शस्त्र’ आणि ‘अग्निशस्त्र’ या दोन्ही व्याख्यांत भागांचा स्पष्ट उल्लेख आहे. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू (लाठी, साधी हातकाठी) आणि ज्यांचे कामाच्या शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही अशी खेळणी तेवढी वगळलेली आहेत.

‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत आणखी एक गोष्ट येते, ती सामान्य वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही. गोळी सुटतानाचा आवाज किंवा ज्वाळेचा झोत कमी करणारे जोडसाधन हे स्वतःच अग्निशस्त्र मानले जाते. चित्रपटांत दिसणाऱ्या रायफलींच्या नळीला पुढे खाचा असलेली नळकांडी बसवलेली असते, तिचे काम बहुधा झोत कमी करण्याचे असते. ती कोणी निव्वळ दिसण्यासाठी बसवली तरी कायद्याच्या दृष्टीने तिची रचना कशासाठी आहे हे महत्त्वाचे ठरते. पोकळ सायलेन्सरसारख्या दिसणाऱ्या वस्तूंबाबत वाद होऊ शकतो. खऱ्या साधनाबाबत तो होत नाही.

‘लहान भाग’ आणि कलम ४५

कलम ४५ मध्ये हा अधिनियम कोणाला व कशाला लागू होत नाही हे सांगितले आहे. जुनाट घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असून अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणारे हत्यार त्यात येते. त्याच कलमाच्या खंड (घ) मध्ये शस्त्रांचे लहान भाग संपादन करणे, बाळगणे वा जवळ वागवणे यालाही सूट आहे. तिला एक अट आहे. ते भाग त्या व्यक्तीने किंवा अन्य कोणीही मिळवलेल्या वा बाळगलेल्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा इरादा नसावा.

रूपबदलाच्या संदर्भात ही अट निर्णायक आहे. कोणी एखादा चाप किंवा स्प्रिंग कपाटात जुनी वस्तू म्हणून ठेवली, तर तो या सवलतीचा आधार घेऊ शकतो. परवानाधारक मात्र नवा भाग स्वतःच्या रायफलीला बसवण्यासाठीच मागवतो. म्हणजे पूरक भाग त्याच्याजवळ आहेत आणि इरादाही उघड आहे. अशा रीतीने, ज्याला त्या भागाचा काही उपयोग आहे त्याच्यासाठी ही सवलत उरत नाही. शिवाय या खंडात उल्लेख आहे तो संपादन करणे, बाळगणे आणि वागवणे यांचा. देशात आणणे हा शब्द त्यात नाही. ‘लहान भाग’ म्हणजे नेमके कोणते, याची व्याख्याही मूळ अधिनियमात दिलेली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००१च्या अग्निशस्त्र शिष्टाचारात याहून नेमकी रेषा आखलेली आहे. तेथे ‘भाग’ म्हणजे अग्निशस्त्रासाठी खास बनवलेला आणि ते चालण्यास आवश्यक असलेला घटक: नळी, सांगाडा, सरकपट्टी किंवा गोळ्यांचे फिरते चक्र, बोल्ट आणि आवाज कमी करणारे साधन. लाकडी दस्ता किंवा खांद्याशी टेकणारी रबरी गादी या रेषेबाहेर राहते. भारतीय व्याख्येत आवश्यक-अनावश्यक असा भेद नाही.

आयातीचे टप्पे

कलम १० नुसार शस्त्र वा दारूगोळा समुद्र, जमीन किंवा हवाई मार्गाने देशात आणण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे आयातीचा परवाना नव्हे. कलम ११ प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे विशिष्ट प्रकारच्या शस्त्रांची आयात पूर्णतः बंद करू शकते.

यानंतर व्यापार धोरणाचा टप्पा येतो. सीमाशुल्काच्या दरसूचीत शस्त्रांसाठी ९३ क्रमांकाचे प्रकरण असून त्यातील ९३०५ हे शीर्षक केवळ भाग व जोडसाधने यांसाठी आहे. हा माल ‘निर्बंधित’ गटात मोडतो, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय आणता येत नाही. रायफलीवरची दुर्बीण मात्र प्रकाशीय उपकरणांच्या ९० क्रमांकाच्या प्रकरणात मोजली जाते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी अग्निशस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाज हा तिला असलेला प्रमुख अपवाद. नेमबाजीच्या रायफलीचा गाल टेकण्याचा भाग किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता शोभेसाठी नसतो. खेळाडूच्या अंगकाठीप्रमाणे तो जुळवावा लागतो.

परवानगीविना आलेला भाग बहुधा मुंबईच्या परदेश टपाल कार्यालयात किंवा कुरिअरच्या तपासणीत अडतो. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १११ नुसार तो जप्तीस पात्र ठरतो आणि कलम ११२ प्रमाणे मागवणाऱ्यावर दंड बसू शकतो. दंड भरून माल सोडवून घेण्याची मुभा कलम १२५ मध्ये आहे, तथापि मनाई असलेल्या मालाच्या बाबतीत ती देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. पार्सलवर ‘सायकलचा भाग’ किंवा ‘यंत्राचा भाग’ असे लिहून घेणे हा चुकीच्या घोषणेचा वेगळा दोष होतो. भाग दुसऱ्याच्या नावावर किंवा पत्त्यावर मागवल्यानेही सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात ‘ताबा’ म्हणजे केवळ हातात असणे नव्हे, तर जाणीवपूर्वक असलेले नियंत्रण होय, असा अर्थ लावला आहे.

बसवताना येणारे प्रश्न

भाग कायदेशीर मार्गाने मिळाला तरी तो कोणी बसवायचा हा प्रश्न राहतो. कलम ५ मध्ये अग्निशस्त्र बनवणे व विकणे यांच्याबरोबर रूपांतर आणि दुरुस्ती यांनाही परवाना लागतो. गावातील सुतार किंवा वेल्डिंगवाला कितीही कुशल असला तरी रायफल त्याच्या हवाली करता येत नाही. परवानाधारक कारागिराकडे बंदूक दुसऱ्याच्या हाती पाठवायची असल्यास, कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे मालकाचे लेखी अधिकारपत्र पुरते.

कलम ६ नळी आखूड करणे आणि नकली हत्याराचे खरे करणे यांवर बंधन घालते. २०१९च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गातील अग्निशस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्याची भर पडली. या कलमाच्या भंगाला आता किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. नळी बदलली की बोअर बदलू शकते आणि परवान्यावर तर ठरावीक बोअरच लिहिलेले असते. .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणूनच नागरिकांच्या हाती.३१५ बोअरची रायफल अधिक दिसते.

सर्वांत सहज घडणारी चूक पॉलिश करताना होते. जुन्या बंदुकीचे लोखंड घासून त्यावर नवा निळा-काळा मुलामा देताना नळीवरचा क्रमांक पुसट होतो. कलम ८ नुसार नाव, क्रमांक वा ओळखखूण खोडणे हा अपराध आहे आणि खूण नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. येथे पुराव्याचा भार आरोपीवर येतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलढाणा जिल्ह्यात शस्त्र परवान्याचे प्राधिकारी जिल्हाधिकारी असून अर्जावर पोलिसांचा अहवाल घेतला जातो. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा आणि बुलढाणा-खामगाव दरम्यान ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखण्याचा प्रश्न येथील शेतकऱ्यांपुढे नित्याचा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कलम १३ मध्ये आहे, परंतु परवाना असला तरी वन्यप्राण्यावर गोळी झाडण्यास वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकार बंद झाली. वारशाने आलेली जुनी बंदूकही २०१९पासून प्रत्येकी दोन अग्निशस्त्रांच्या मर्यादेत मोजली जाते. आजोबांच्या बंदुकीचा तडकलेला दस्ता बदलण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज सहसा नसते. परवानाधारक कारागीर तो येथील सागवानी किंवा अक्रोडाच्या लाकडातून घडवू शकतो आणि त्यात आयातीचा प्रश्नच उद्भवत नाही.

सुट्या भागांकडे पोलीस संशयाने पाहतात, त्यालाही स्थानिक कारण आहे. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी हे गाव हातघडणीच्या पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध असून संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा परिसर त्या वाटेवर येतो. या भागात अशी पिस्तुले वेळोवेळी पकडली गेली आहेत. जेथे लोखंडी नळी आणि चाप यांपासून घरी हत्यार तयार होते, तेथे पार्सलमधून आलेला भाग ‘फक्त शोभेचा’ असल्याचे सांगून चौकशी टळत नाही.

इतर देशांतील नियम

अमेरिकेत दस्ता, मूठ, साधी नेमसाधने, पट्ट्याच्या कड्या व दस्त्यामागची गादी या वस्तू निर्यात-नियंत्रण सूचीत नळी वा बोल्टपेक्षा खालच्या गटात ठेवल्या आहेत. त्यामुळे तेथील विक्रेता हा भाग पाठवण्यास तयार होतो आणि ग्राहकाला भारतातही तो मोकळा असावा असे वाटते. अमेरिकेचा स्वतःचा आयात नियमही तितका सैल नाही. क्रीडोपयोगी न मानल्या जाणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीची जुळणी करताना, वीस भागांच्या ठरावीक यादीपैकी दहाहून अधिक भाग आयात केलेले असू नयेत, असे बंधन तेथे आहे. त्या यादीत दस्ता आणि पिस्तुली मूठ यांचीही नावे आहेत.