पाण्याचे आरोग्य ठरते परवानगीच्या कागदावर

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की दवाखान्यांतून जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांचे रुग्ण वाढू लागतात. मग पाणी उकळून प्या, गाळून प्या, क्लोरिनचे थेंब टाका अशा सूचना निघतात. ग्रामपंचायत विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकते, जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट करतो. हे सारे आवश्यकच आहे व त्यात हयगय होता कामा नये. पण हे उपाय पाणी टाकीत किंवा घागरीत आल्यानंतरचे आहेत. ते ज्या शिवारातून झिरपत येते, तेथे दोन-चार वर्षांपूर्वी कशाला परवानगी मिळाली, यावर त्या घागरीतले पाणी कसे असेल हे बऱ्याच अंशी ठरलेले असते.

शेतजमीन बिनशेती होणे, लेआउट मंजूर होणे, कारखान्याला ना-हरकत दाखला मिळणे या गोष्टी आपण महसूल खात्याच्या आणि जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या समजतो. आरोग्याशी त्यांचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. तो संबंध फार जवळचा आहे. कसा, ते आज पाहू.

उकळल्याने काय जाते, काय उरते

पाण्यातून होणारे त्रास दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार रोगजंतूंचा. कॉलरा, विषमज्वर, हगवण, 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ हे आजार मैलामिश्रित पाण्यातून पसरतात. पाण्याला चांगली उकळी आणली तर हे जंतू मरतात. योग्य प्रमाणात क्लोरिन दिले तरी बहुतेक मरतात. मात्र पाणी गढूळ असेल, त्यात सांडपाणी जास्त मिसळले असेल, तर टाकलेले क्लोरिन त्या घाणीतच खर्च होऊन जाते आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणूनच शेवटच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन मिळाले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते.

दुसरा प्रकार पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा. येथे उकळण्याचा काही उपयोग होत नाही. नायट्रेटचेच उदाहरण घ्या. शोषखड्डे, जनावरांचे मलमूत्र आणि रासायनिक खते यांतून ते भूजलात उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. असे पाणी उकळले तर वाफ निघून जाते, नायट्रेट भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात करून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतते. हीच गोष्ट निकेल, शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंची. निकेलची मर्यादा लिटरमागे अवघी ०.०२ मिलिग्रॅम आहे. तुरटी, वाळूचा थर आणि क्लोरिन एवढ्यावर चालणाऱ्या साध्या जलशुद्धीकरण केंद्रात विरघळलेले क्षार आणि रसायने अडवण्याची सोय नसते. ती काढणारी यंत्रे महाग असतात आणि सतत देखभाल मागतात.

तात्पर्य, या दुसऱ्या प्रकारच्या दूषितीकरणावर घरात करण्यासारखे फार थोडे असते. ते पाण्यात येऊच न देणे हाच खरा इलाज आहे आणि त्याची वेळ परवानगीचा अर्ज टेबलावर असतानाची असते.

हैदराबादचे दोन तलाव

याचे बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या हैदराबादचे आहे. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले आणि हजारो माणसे दगावली. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूर अडवण्यासाठी आणि शहराला पाणी देण्यासाठी दोन जलाशय बांधण्यात आले. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुढे कित्येक दशके शहराची तहान प्रामुख्याने या दोन तलावांनी भागवली.

शहर वाढले तशी तलावांच्या पाणलोटातील जमिनीला मागणी आली. तेव्हा त्या वेळच्या आंध्र प्रदेश शासनाने १९९४ मध्ये आणि नंतर ८ मार्च १९९६ च्या प्रसिद्ध १११ क्रमांकाच्या आदेशाने तलावांपासून १० किलोमीटरच्या आत प्रदूषणकारी कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना मनाई केली. ८४ गावे या निर्बंधाखाली आली. नव्या लेआउटमध्ये ६० टक्के जागा मोकळी आणि रस्त्यांसाठी ठेवावी, असेही बंधन घातले गेले.

याच पट्ट्यात, रंगारेड्डी जिल्ह्यातील शमशाबाद मंडलाच्या पेद्दशापूर गावी एका कंपनीने १९९३ मध्ये १२ एकर जमीन घेतली होती. तेथे तिला एरंडेल तेलापासून रासायनिक पदार्थ तयार करणारा कारखाना काढायचा होता. मागे उरणाऱ्या मालात ग्लिसरीन, वापरलेली ब्लीचिंग माती आणि वापरलेला निकेल उत्प्रेरक यांचा समावेश होता. पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जमीन बिनशेती करण्यास परवानगी मिळाली. ग्रामपंचायतीने नकाशे मंजूर केले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मात्र संमती नाकारली, कारण जागा १० किलोमीटरच्या आत होती आणि कारखाना घातक वर्गातला होता. तेव्हा शासनानेच जुलै १९९७ मध्ये या एका कंपनीपुरती निर्बंधातून सूट देणारा आदेश काढला. मंडळाने पुन्हा नकार दिला. त्यावर कंपनीने अपील केले आणि जानेवारी १९९८ मध्ये अपील प्राधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयातही तो कायम राहिला.

यात कोणी कागद चोरून फिरवला असे नव्हते. प्रत्येक कार्यालयाने आपल्यापुढचा कागद आपल्यापुरता तपासला. या पाण्यावर जगणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न मात्र एका मंडळापुरताच उरला.

न्यायालयाने काय ठरवले

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारी १९९९ च्या निकालात न्यायालयाने दोन तत्त्वे स्पष्ट केली. पहिले खबरदारीचे. धोका पूर्णपणे सिद्ध होईपर्यंत थांबायचे नसते, संभव गंभीर असेल तर आधीच सावध व्हायचे असते. दुसरे पुराव्याच्या भाराचे. जो जमिनीच्या वापरात बदल करू पाहतो त्याने आपल्या कामामुळे अपाय होणार नाही हे दाखवून द्यावे. अपाय होईल हे सिद्ध करण्याचे ओझे पाणी पिणाऱ्यावर टाकू नये.

शास्त्रीय प्रश्नांचा उलगडा व्हावा म्हणून तज्ज्ञांचे अहवाल मागवण्यात आले. त्यांत मुंबईच्या माटुंग्यातील विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या यू.डी.सी.टी.चा, तसेच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचा अहवाल होता. शेवटी १ डिसेंबर २००० रोजी न्यायालयाने प्रदूषण मंडळाचा नकार योग्य ठरवला. एका कारखान्यासाठी सूट देऊन लाखो लोकांचे पिण्याचे पाणी धोक्यात घालण्याचा अधिकार शासनाला नाही, पिण्याचे पाणी मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. जमीन खरेदीपासून या निकालापर्यंत सात वर्षे गेली.

कथा तेथे संपत नाही. एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण शासनाने ६९ क्रमांकाचा आदेश काढून तलावांच्या पाण्याला बाधा येऊ नये अशा अटीवर हे निर्बंध उठवले. शहराच्या पाणीपुरवठ्यात या तलावांचा वाटा आता सव्वा टक्क्याहूनही कमी आहे, असे कारण देण्यात आले. मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १११ क्रमांकाचा आदेश पूर्णच रद्द करण्याचे ठरवले. आज हैदराबाद कृष्णा, गोदावरी आणि मांजरा या नद्यांचे पाणी दूरवरून आणते. यांतील मांजरा आपल्याच बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर जिल्ह्यातून पुढे जाते. जवळचे पाणी सांभाळणे नकोसे झाले की तहान दूरच्या पाण्यावर भागवावी लागते आणि त्या दूरच्या पाण्याच्या काठी आणखी कोणाची तरी शिवारे असतात.

आपल्या गावाकडे पाहू

आपल्याकडे तलाव नसेल, पण गावची विहीर आहे, नळयोजनेची विहीर आहे, हातपंप आहे. आपली जमीन काळ्या पाषाणाची. या दगडातून पाणी भेगा, सांधे आणि मुरमाचा थर यांतूनच वाहते. वाळूच्या जमिनीत पाणी हळूहळू गाळले जाते, तसे भेगांमध्ये होत नाही. त्यामुळे वरच्या अंगाला केलेल्या शोषखड्ड्यातले पाणी पावसाळ्यात फार लवकर विहिरीत उतरू शकते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. भेगाळ दगडात हे अंतरही अपुरे पडू शकते. एक-दोन घरांचे खड्डे जमीन पचवते. शंभर भूखंडांचा लेआउट पडला, शंभर खड्डे झाले आणि वर रस्ते व फरशांनी जमीन झाकली गेली, की पाणी मुरणे कमी होते आणि मुरणाऱ्या पाण्यात घाणीचा वाटा वाढतो.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ४४ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते. बिनशेती परवानगी नाकारण्याच्या कारणांत त्यांनी 'सार्वजनिक आरोग्य' हे कारण स्पष्टपणे घातले होते. त्याच कलमात, ९० दिवसांत उत्तर न मिळाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूदही होती. म्हणजे आक्षेप असणाऱ्याने वेळेत जागे व्हावे लागे. पुढे झालेल्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, आराखड्यात तशी तरतूद असल्यास, ठरलेली रक्कम भरल्यावर बिनशेती समजण्याची सोय झाली. सामान्य माणसाचे हेलपाटे त्यामुळे वाचले, हे खरे. पण गावची जुनी विहीर आणि आड बहुधा याच २०० मीटरमध्ये असतात. कार्यालयातली तपासणी जितकी कमी, तितकी गावकऱ्यांची नजर अधिक दक्ष हवी.

कोणी काय करावे

१. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक स्रोताची नोंद करून वरच्या अंगाची जमीन कोणती, उतार कोणत्या दिशेने आहे, हे नकाशावर दाखवून ठेवावे. जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात याविषयी मार्गदर्शन मागता येते.

२. वरच्या अंगाला लेआउट, कारखाना, कोंबड्यांचे मोठे शेड, खडी क्रशर किंवा कचरा डेपो यांचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. सांडपाणी कोठे जाणार? मैला कोठे जाणार? पाण्याच्या स्रोतापासून अंतर किती? उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत.

३. काम सुरू होण्यापूर्वीच विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावा. पुढे बिघाड झाला तर आधी पाणी कसे होते हे दाखवणारा तोच पुरावा असतो. तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन वेळा व्हावी. जंतूंबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार यांचीही चाचणी मागावी.

४. ज्या मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागू आहे, त्यांची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. बारीक टाइपातल्या अशा सूचना वाचण्याची सवय ठेवावी. लेखी हरकत देऊन पोच घ्यावी.

५. परवानगी दिली गेली असेल, तर तिच्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. सांडपाण्याची अट कागदावर आहे आणि जागेवर नाही, असे पुष्कळदा आढळते.

६. ग्रामपंचायतीला पाण्याच्या व्यवस्थेबद्दल लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हे विचारावे. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका मोठा, असे समजावे.

७. घरात लहान बाळ असेल आणि विहिरीत नायट्रेट जास्त निघाले असेल, तर ते पाणी उकळूनही बाळाला देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. वरचे दूध अपरिहार्य असेल तर त्यासाठी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचे पाणी वापरावे. बाळ निळसर दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कारखाने नकोत, घरे नकोत, असे कोणी म्हणणार नाही. गावातल्या पोरांना काम हवे आणि राहायला छप्परही हवे. पेद्दशापूरला वाद कारखाना असावा की नसावा हा नव्हता, तो कोठे असावा हा होता. उद्योग खात्याने त्या कंपनीला दुसरी जागा पाहण्यास सांगितलेही होते. कारखान्याला दुसरी जागा मिळू शकते. एकदा नासलेली विहीर मात्र वर्षानुवर्षे सुधारत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत लेआउट किंवा ना-हरकत दाखला असा विषय दिसला, तर तो आपल्या घरातल्या घागरीचा विषय आहे असे समजून सभेला जरूर जावे.